आहार : पिवळ्या कण्या

१ मार्च १९८३, मंगळवार

ही डायरी लिंबाजीमामांना एका बियाण्याच्या दुकानातून मिळाली आणि त्यांनी ती मला दिली. पहिल्या पानावर 'जिल्हा उस्मानाबाद' असे छापले आहे. लातूर जिल्हा होऊन साडेसहा महिने झाले. मी पट्टी लावून 'उस्मानाबाद' खोडले आणि वर 'लातूर' लिहिले. मग वाटले, खाडाखोडीने सुरुवात करणे बरे नव्हे. पण चूक तशीच ठेवणे त्याहून वाईट.

मी देविदास, वय बावीस. गणितामुळे दहावीत दोनदा राहिलो. मराठीत दोन्ही वेळा केंद्रात पहिला होतो, पण हे आता कोणी विचारत नाही. लातुरात एका ट्रस्टच्या दवाखान्यात केसपेपर लिहिण्याच्या खिडकीवर लागून आज एक महिना झाला. डॉ. उदगिरे यांनी फक्त अक्षर पाहून घेतले. नाव, गाव, वय, तक्रार, किती दिवस, आहार, व्यसन असे रकाने आहेत. रोज शंभर-सव्वाशे माणसे येतात. रकान्याबाहेर मी अक्षर जाऊ देत नाही.

६ मार्च, रविवार

सुटी होती म्हणून मुरुडला गेलो. आई गेल्यापासून मी तिथेच मामा-मामींकडे वाढलो. त्यांना मूल नाही.

मामा पेंटर आहेत. जिल्हा नवा झाल्यापासून त्यांना उसंत नाही. शाळा, सोसायटी, ग्रामपंचायत, पिठाची गिरणी, सगळ्यांना उस्मानाबाद पुसून लातूर हवे आहे. आज शाळेच्या फाटकावर शिडी लावून त्यांनी 'जील्हा लातुर' लिहिले होते.

मी खालून म्हणालो, "मामा, पहिली वेलांटी."

"मग दुसरी कुणाला देऊ, हेडमास्तर?"

"कुणालाच नाही. आणि 'लातुर' नाही, 'लातूर'."

"बघा, जिल्हा झाला तरी ह्याचं समाधान न्हाई." असे म्हणत त्यांनी रॉकेलच्या चिंधीने पुसून नीट केले. खाली उतरल्यावर मला चहा पाजला.

नागुबाईमामी म्हणाल्या, "तू आलास की ह्यांचं लिवणं बिघडतंय बघ. हप्ताभर चांगलं असतंय."

मी म्हटले, हप्ताभर तपासायला कोणी नसते म्हणून चांगले वाटत असेल. मामी हसल्या आणि भाकरी थापू लागल्या. गावाच्या वेशीवर मामांनी फार पूर्वी रंगवलेली एक पाटी आहे, त्यावर तारीख १९७४ ची आहे. पाच ओळी, एकही चूक नाही. त्या वेळी त्यांना कोणीतरी तपासून देत असणार.

मामांच्या डाव्या जबड्याखाली सूज आहे. दिवाळीत दाढ पडली होती तेव्हापासूनची आहे म्हणतात. दवाखान्यात या म्हणालो. "पाट्या आटपू दे" म्हणाले.

११ मार्च, शुक्रवार

डॉ. उदगिरे यांच्याकडे एक जाड वही आहे. तिच्यात ते फसव्या केसेस लिहून ठेवतात. एका जागी दुखते आणि रोग निघतो दुसरीकडे, किंवा दिसतो एक आणि निघतो दुसराच, अशा. जुलैत नांदेडला डॉक्टरांची परिषद आहे, तिथे ते यावर निबंध वाचणार आहेत. वहीची स्वच्छ प्रत करण्याचे काम मला दिले. इंग्रजी शब्दांचे अर्थ मला कळत नाहीत, स्पेलिंग मात्र चुकत नाही.

आज चतुराबाई नावाच्या बाई बऱ्या होऊन घरी गेल्या. त्या आल्या होत्या उजवा खांदा दुखतो म्हणून. दोन ठिकाणी खांद्याला शेक देऊन झाला होता. डॉक्टरांनी बरगडीखाली बोटे दाबली आणि बाई ओरडल्या. लिव्हरमध्ये पू झाला होता.

डॉक्टर मला म्हणाले, "रोग राहतो एका गावात आणि निरोप धाडतो दुसऱ्या गावातून. म्हणून माणूस काय बोलतो ते नीट ऐकायचं. देविदास, लोक बोलतील तसंच लिहीत जा."

मी हो म्हणालो. पण 'माझ्या फऱ्यात खुपायलंय' असे केसपेपरवर कसे लिहायचे? दवाखान्याचा कागद आहे तो. मी 'उजव्या खांद्यात वेदना' असे लिहिले होते. डॉक्टर मनाने फार मोठे आहेत, ज्यांना शुद्ध बोलता येत नाही त्यांना वाईट वाटू नये म्हणून तसे म्हणाले असतील.

२२ मार्च, मंगळवार

आज रांगेत मामा आणि मामी दिसले. मी त्यांना पुढे घेतले नाही. खिडकीवरचा पोरगा घरच्यांना आधी घेतो असे कोणी म्हणायला नको. सत्तेचाळिसावा नंबर होता. ऊन फार होते, मामी मामांच्या डोक्यावर पदर धरून उभ्या होत्या. हे मला आता आठवून वाईट वाटते आहे.

मामांचे तोंड जेमतेम एक बोट उघडते. म्हणून मामीच बोलल्या.

"नाव?"

"तुझ्या मामाचं नाव तुला ठाव न्हाई?"

"मामी, विचारावं लागतं."

"तूच लिव. मी न्हाई घेत त्यांचं नाव."

मागच्या बाया हसल्या. माझे कान गरम झाले. मी तक्रार विचारली.

"जबडा लाकडावाणी झालाय. खालून दोन भोकं पडल्यात, गळायलंय."

मी लिहिले : डाव्या जबड्यास कठीण सूज, दोन छिद्रांतून स्राव.

"आहार? म्हणजे खाणंपिणं कसं आहे?"

"खाणं कशाचं आलंय, तोंड उघडंना. ताक-पाणी. आन् कण्या येत्यात कंदी कंदी. बारीक, पिवळ्या."

मागून कोणीतरी म्हणाले, "आटपा की मास्तर, एसटी जाईल."

मी लिहिले : ताक, कधी कधी पिवळ्या ज्वारीच्या बारीक कण्या.

मामींची वाक्ये नेहमी अर्धवट असतात, आपण पूर्ण करून घ्यावी लागतात. यंदा पीक गेल्यामुळे घरोघरी भाकरीऐवजी भरडलेल्या ज्वारीच्या कण्याच शिजतात. पिवळी ज्वारी कोठून मिळाली ते विचारायचे राहिले.

डॉक्टरांनी मामांना बराच वेळ तपासले. मीही आत होतो, मामी बाहेर, गावाला पाणी न्यायला आणलेली घागर सांभाळत बसल्या होत्या. जखम अगदी स्वच्छ होती, वर पांढरेशुभ्र फडके. डॉक्टर म्हणाले, "वा, फार चांगली ठेवलीय." मग विचारले, "पुवातून कण येतात का? गंधकासारखे?"

मामांनी मान हलवली, नाही. गंधक कसा असतो ते त्यांना कोठून माहीत असणार. शिवाय फडके रोज मामी बदलतात, मामा तिकडे बघतही नाहीत.

डॉक्टरांनी केसपेपर वाचला. "कण्या खातोय म्हणजे पोटात काहीतरी जातंय," असे म्हणून माझ्या अक्षराकडे पाहिले आणि मान डोलावली. मला बरे वाटले.

मग तंबाखू किती वर्षे, असे विचारले. मामांनी दोन्ही हातांची दहा बोटे दोनदा दाखवली. डॉक्टरांनी गाठ पुन्हा चाचपली. गाठीचा तुकडा काढून औरंगाबादला पाठवला.

७ एप्रिल, गुरुवार

तुकड्याचा निकाल आला. 'निश्चित सांगता येत नाही' असा अर्थ आहे. डॉक्टरांनी मला खोलीत बोलावून दार लावले तेव्हाच मला कळले.

"कॅन्सर वाटतो मला. तुकडा बरोबर जागचा आला नसेल. थांबण्यात अर्थ नाही, गाठ वाढते आहे."

"पुढे काय, सर?"

"मुंबई. डाव्या बाजूचा जबडा काढतील."

हा शब्द मी केसपेपरवर याआधी सात वेळा लिहिला आहे. आज घरच्या माणसासाठी लिहिताना 'कॅ' वरचा चंद्र नीट येईना.

१४ एप्रिल, गुरुवार

जयंती. डॉक्टरांनी सुटी दिली. मामांनी एवढ्या आजारातही कमानीचे कापड रंगवले होते. तोंडाला फडके बांधून, उकिडवे बसून. वर निळ्या अक्षरांत 'जयंती मोहत्सव'.

मी म्हणालो, "मामा, महोत्सव."

त्यांना आता बोलवत नाही. खडूने पाटीवर लिहून बोलतात. त्यांनी लिहिले : 'मोह आवरला न्हाई'.

सगळी पोरे हसली. मी हसलो आणि मग मला तिथे उभे राहवेना, कापडाच्या मागे गेलो. मामी तिथेच होत्या. त्यांनी विचारले, "खरं सांग लेकरा, जबडा काढल्यावर माणूस बोलतंय का?"

मी म्हणालो, बोलतो. मला माहीत नाही.

"भाकर?"

मिरवणूक निघाली. मामा गाडीमागे शेवटपर्यंत चालले.

२० एप्रिल, बुधवार

मुंबईचे पत्र आले. ९ मे रोजी भरती. मामींनी बरोबर न्यायचे सामान आजच एका पिशवीत भरले आहे म्हणे, त्यात तीन धुतलेली फडकी.

मामांनी डॉक्टरांसाठी एक चिठ्ठी दिली होती. उघडी होती म्हणून वाचली. 'माझ्या माघारी देविदासची नोकरी टिकेल एवढे पाहावे. तो भित्रा आहे, पण त्याच्या हातून वाईट होणार नाही. गणितामुळे त्याचा धीर खचला आहे. शुद्धलेखनाविषयी त्याला विचारत जावे.' चौदा ओळींत एकही चूक नव्हती. 'शुद्धलेखन'ही बरोबर. भीती वाटली की माणूस लक्ष देऊन लिहितो असे दिसते.

डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, मग "'विषयी'ला वेलांट्या कुठल्या रे?" असे मलाच विचारले. मी सांगितले. डॉक्टरांना हे माहीत नसावे याचे नवल वाटले.

१ मे, रविवार

मुरुडहून परतताना एसटीत लिहितो आहे. अक्षर हलते.

गावात दोन दिवस टँकर आला नव्हता. मी पोहोचलो तेव्हा मामी पहाटेपासून मळ्यातल्या विहिरीच्या रांगेत होत्या. मामा ओसरीवर एकटेच. गळ्याचे फडके कालचे होते, भिजून कडक झालेले, वर माश्या. मी फडकी कधी बदलली नव्हती. मामी बदलू देत नाहीत, "तू भाईर थांब" म्हणतात. आज घरात पाण्याचा थेंब नव्हता, म्हणून नुसतेच कोरडे बदलावे असे ठरवले.

सोडलेल्या फडक्यावर पुवात बारीक दाणे होते. पिवळे. शिऱ्यातल्या रव्याएवढे.

तेवढ्यात मामी अर्धी घागर घेऊन आल्या. मला पाहून म्हणाल्या, "अगं माय, धुवायच्या आधी कशाला सोडलंस?"

"मामी, हे काय आहे?"

"कण्या."

"कधीपासून?"

"पयल्यापासून पडत्यात की. कंदी चार, कंदी धा. तुला सांगितलं न्हवं खिडकीवर? बारीक, पिवळ्या." मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. "लिवलं न्हाईस का?"

"लिहिलं," मी म्हणालो.

ते खोटे नव्हते. कुठल्या रकान्यात लिहिले ते मी सांगितले नाही.

मामी रोज प्यायच्या पाण्यातले अर्धे तांबे मामांच्या जखमेला वापरतात. दवाखान्याच्या दिवशी तर पूर्ण घागर. डॉक्टरांसमोर घाण नको, माणसाची लाज जाते, असे म्हणतात. स्वतः मात्र ओठ कोरडे घेऊन एसटीत बसतात.

'गंधकासारखे कण येतात का?' हे डॉक्टरांनी विचारले होते. का विचारले ते मला माहीत नाही. पण विचारले होते. फडके तेलकागदात गुंडाळून पिशवीत ठेवले आहे.

पुन्हा १ मे, लातूर

आल्या आल्या दवाखान्याच्या कपाटातून मामांचा केसपेपर काढला. किल्ली माझ्याकडेच असते. 'स्राव' या शब्दानंतर बोटभर जागा आहे. तिथे 'व त्यातून पिवळे कण' असे बसते. शाई तीच आहे, टाक तोच आहे. 'आहार'मधली ओळ ब्लेडने खरवडली तर कागद जरा पातळ होईल, पण कोण उजेडात धरून बघतो?

मी खरे लिहितो आहे, म्हणून हेही लिहितो : मी ब्लेड हातात घेतले होते. नोकरी गेली तर मला दुसरीकडे कोण घेईल? दहावी नापास माणसाला अक्षराशिवाय काय आहे? पण खाडाखोड मला दिसली असती. रोज कपाट उघडले की दिसली असती. ब्लेड परत ठेवले.

शेजारच्या खोलीतून कंपाउंडर गुरुपादप्पा आले. निलंग्याकडचे आहेत. "बर्री, जेवायला बर्री," म्हणाले. भूक नाही म्हणालो. त्यांनी तरीही ताट आणून ठेवले. ताटात कण्याच होत्या. मला त्या गिळवेनात.

२ मे, सोमवार

सकाळी डॉक्टर येण्याआधी दारात उभा होतो. फडके त्यांच्या टेबलावर उघडले, केसपेपर बाजूला ठेवला आणि दोन्हींवर बोट ठेवून म्हणालो, "सर, मामी या कण्या म्हणाल्या होत्या. मी त्या खाण्यात लिहिल्या."

डॉक्टरांनी फडके उजेडाकडे ओढले. चिमट्याने एक कण उचलला, दोन काचांमध्ये दाबला. तो करकरला. रंगाचे थेंब टाकून, धुऊन, हिवतापाचे रक्त तपासतात त्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला. फार वेळ वाकून होते. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातली शुद्धलेखनाची चूक पुन्हा पुन्हा वाचत होतो.

"ये, बघ."

मला आधी स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग दिसले. निळ्या-जांभळ्या बारीक काड्यांचे जाळे, कडेला किरणांसारखे बाहेर आलेले. शेवंतीच्या फुलासारखे.

"ॲक्टिनोमायकोसिस," डॉक्टर म्हणाले. "आपल्याच तोंडातले जंतू. दाढेच्या खड्ड्यातून आत शिरतात, लाकडासारखी गाठ करतात. दिसायला हुबेहूब कॅन्सर. औषध काय, तर पेनिसिलिन."

मी विचारले, "म्हणजे जबडा?"

"जबडा राहील. बहुतेक. कॅन्सरही सोबत नाहीच, असं आज नाही सांगता येणार. मुंबईचं तीन आठवडे पुढं ढकलू. गाठ विरघळली तर विरघळली. नाहीच विरघळली तर जायचं."

मग ते खुर्चीत बसले आणि केसपेपर वाचला. "हे तू शुद्ध केलंस."

"हो, सर."

"दीड महिना गेला, देविदास."

ते उठून खिडकीपाशी गेले. बाहेर रांग लागली होती. मग म्हणाले, "मीही विचारलं ते 'गंधकासारखे कण' म्हणून विचारलं. कण्या म्हणालो असतो तर मामांनी मुंडी हलवली असती. ज्या बाईनं पाहिलं होतं ती दाराबाहेर बसलेली, तिला मी आत बोलावलंच नाही. तुझं शुद्धलेखन चांगलं आहे रे. पण ते आपल्या वाक्यांचं करावं. दुसऱ्याच्या वाक्यांचं करायचं नाही."

"नोकरी, सर?"

"खिडकी उघड. सव्वानऊ झाले."

आज एकशे चौदा केसपेपर लिहिले. 'पोटात गलबलतंय' असे लिहिले. 'डोस्कं भणभणायलंय' असे लिहिले. दोन्ही वेळा हात अडखळला.

४ मे, बुधवार

मामा दवाखान्यात भरती झाले. मामींना मी खरे सांगितले, कुठल्या रकान्यात लिहिले ते. सांगताना पाया पडलो. त्या म्हणाल्या, "आरं, मीच धुऊन धुऊन लपिवलं की." आणि रडायला लागल्या. आम्ही दोघेही रडतो आहोत हे पाहून मामांनी पाटीवर लिहिले : 'पाणी वाया घालवू नका. दुश्काळ हाय.'

मी 'ष्' करून दिला.

डॉक्टरांनी मामींना आत बोलावून स्वतः सांगितले, की जखम धुणे चूक नव्हते, पुढेही धुवायची आहे, फक्त आधी दाखवायची. मामी म्हणाल्या, "एवढं घाण तुमाला कसं दाखवावं, सायेब?" डॉक्टर म्हणाले, "बाई, मला त्याचाच पगार आहे."

१० मे, मंगळवार

रोज सहा इंजेक्शने. गुरुपादप्पा ट्रे घेऊन आले की मामा कूस बदलून भिंतीकडे तोंड करतात.

"लिंबाजीराव, आता जागा शिल्लक न्हाई, कुठं टोचू सांगा."

मामांनी पाटीवर लिहिले : 'दुसऱ्या जिल्ह्यात.'

अजून सूज तशीच आहे. मी रोज दाबून बघतो. डॉक्टर म्हणाले, दाबू नकोस.

१६ मे, सोमवार

तशीच आहे. एक बोट. मुंबईसाठी भरलेली पिशवी मामींनी खाटेखाली ठेवली आहे, सोडलेली नाही.

२१ मे, शनिवार

आज मामांनी पाटी बाजूला सरकवली आणि तोंडाने म्हणाले, "च्या आण."

मी धावत डॉक्टरांना बोलावले. त्यांनी जबडा चाचपला, "मऊ पडतंय, मऊ पडतंय" असे दोनदा म्हणाले. मग तोंडात आपली बोटे उभी धरून पाहिली. दोन गेली. मी ओळीच्या शेवटी दोनचा आकडा लिहून त्याभोवती गोल केला आहे. २.

मामी पिशवीतली फडकी काढून वाळत घालायला गेल्या. ती धुतलेलीच होती.

१५ जून, बुधवार

मेच्या शेवटी डॉक्टरांनी पुन्हा तुकडा काढून पाठवला होता, काल त्या दुसऱ्या तुकड्याचा निकाल आला. कॅन्सरच्या पेशी नाहीत. अडीच बोटे. मामा मुरुडला गेले, सहा महिने गोळ्या घ्यायच्या आहेत. जाताना मामींनी दवाखान्याच्या नळावर घागर भरून घेतली आणि एसटीत मांडीवर धरून नेली. अजून पाऊस नाही.

२५ जुलै, सोमवार

डॉक्टर शनिवारी नांदेडहून आले. निबंध त्यांनी वाचला. मामांची केस सर्वांत शेवटी होती. प्रत मीच केली होती, पण एक जागा त्यांनी मला कोरी सोडायला सांगितली होती. तिथे त्यांनी स्वतःच्या हाताने, सगळ्या इंग्रजीच्या मध्ये, देवनागरीत लिहिले : 'कण्या येत्यात कंदी कंदी. बारीक, पिवळ्या.' खाली 'पेशंटच्या पत्नीचे शब्द. नोंदवणाऱ्याकडून आणि डॉक्टरकडून ऐकायचे राहिले' अशा अर्थाची ओळ.

मी म्हणालो, "सर, माझी चूक होती, तुमचे नाव कशाला?"

"निबंध माझा आहे," ते म्हणाले.

हे मामींना सांगायला काल मुरुडला गेलो होतो. त्या म्हणाल्या, "माजं बोलणं? नांदेडला? इतक्या डाक्टरांम्होरं?" मग थोड्या वेळाने, "तिथं तरी नीट करून वाचायचं की."

१५ ऑगस्ट, सोमवार

जिल्ह्याला आज एक वर्ष झाले. झेंडावंदन झाले, पेढे वाटले. दवाखान्यात आणखी एक काम होते. माझ्या खिडकीवर लावायला डॉक्टरांना पाटी हवी होती आणि ती मामांनीच करावी अशी त्यांची इच्छा होती. आजारानंतरची मामांची ही पहिली पाटी.

मामा स्टुलावर बसून रंगवत होते, मामी रंगाचा डबा धरून. मजकूर डॉक्टरांचा : 'आजार आपल्या शब्दांत सांगा. जसे सांगाल तसे लिहिले जाईल.' मामांनी 'लिहीले' लिहिले.

मी पाहिले. पण मामा घरी गेल्यापासून मी ठरवले आहे की दुसऱ्याचे बोलणे-लिहिणे सुधारायचे नाही. गप्प राहिलो.

मामा खाली उतरले. ब्रश पुसला. माझ्याकडे पाहिले. ब्रश पुन्हा पुसला, तो स्वच्छच होता.

"कशी झालीय, हेडमास्तर?"

"छान आहे, मामा."

"छान?"

"हो."

मामांचा चेहरा उतरला. ते पाटीकडे बघत राहिले. "आसं वर-वर नको. नीट वाच की."

मामींनी पदर तोंडाला लावला होता. त्या कशाला हसत होत्या कळले नाही. "वाच रे बाबा," म्हणाल्या, "न्हाईतर आज त्यांना भाकर गोड लागायची न्हाई."

मी ठरवलेले मोडले. म्हणालो, "मामा, 'ह'ला पहिली वेलांटी हवी. तुम्ही दुसरी दिली."

"दिली का?" मामा म्हणाले. "बघा! डोळ्याम्होरची चूक दिसली न्हाई मला. तू न्हाईस तर माझं कसं व्हायचं रे?" आणि एवढ्याने हसले की रांगेतली माणसे वळून बघू लागली. चिंधी माझ्या हातात दिली. मी 'ही' पुसली, त्यांनी 'हि' लिहिली.

चूक दाखवल्यावर इतका खूश होणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एवढे हसण्यासारखे त्यात काय होते ते माझ्या लक्षात आले नाही, कारण मी तोंडाकडे बघत होतो. पुरते उघडले होते. बोटे लावून पाहिली नाहीत, पण तीन तर नक्कीच.